लेखन, अवधान आणि मूठभर फुटाणे

दिल्लीतील जुने राजेंद्रनगर, करोलबाग किंवा शहराच्या उत्तरेकडील मुखर्जीनगर या वस्त्यांतून सायंकाळी हिंडणाऱ्यास दोन तऱ्हेची दुकाने पावलोपावली आढळतात. एक तऱ्हा छापील टिपणे, वह्या व छायाप्रती विकणाऱ्यांची. दुसरी खाद्यपेये विकणाऱ्यांची. दोहोंचे गिऱ्हाईक एकच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या तयारीसाठी देशाच्या सर्व भागांतून विद्यार्थी येथे येऊन राहतात, आणि त्यांत मराठी मुलामुलींची संख्या सहज नजरेत भरण्याजोगी असते. कोणी घरच्या पैशावर, तर कोणी पुण्याच्या सारथी किंवा बार्टी या संस्थांच्या साहाय्यावर येथे राहतो. खोली लहान, टेबल त्याहून लहान. आणि त्या टेबलावर वहीशेजारी बहुधा एक डबा असतो. डब्यात गावाहून आलेला चिवडा किंवा शंकरपाळी असतात, अथवा कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले फुटाणे.

हा डबा तेथे कशासाठी, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. काही तोंडात असले म्हणजे लिहिताना मन लागते. डोके चालवायचे तर त्याला खुराक हवा. हे उत्तर कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथमदर्शनी विषय क्षुल्लक वाटेल. परंतु या विद्यार्थ्यांना काय करावे लागते ते पाहिले म्हणजे तसे वाटणार नाही. मुख्य परीक्षेत गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या सात प्रश्नपत्रिका असतात व प्रत्येक तीन तासांची असते. सामान्य अध्ययनाच्या एका प्रश्नपत्रिकेत वीस प्रश्न. म्हणजे वाचणे, विचार करणे व लिहिणे मिळून एका प्रश्नास सरासरी नऊ मिनिटे. निबंधाच्या प्रश्नपत्रिकेत दोन दीर्घ निबंध. एकाच दिवशी सकाळी तीन तास व दुपारी पुन्हा तीन तास हाताने लिहावे लागते. मराठी माध्यम घेणारास हे सर्व मराठीत लिहिण्याची मुभा असते. पण घड्याळ सर्वांना सारखेच. त्यासाठी वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ, रोज उत्तरलेखनाचा सराव करावा लागतो. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीवर बसणारा मनुष्य त्या वेळात काय खातो, किती खातो आणि कोणत्या समजुतीने खातो, याचा परिणाम त्याच्या वह्यांवर, प्रकृतीवर व खिशावर होतोच. शाळेत वार्षिक परीक्षेस बसणाऱ्या मुलाची गोष्ट आकाराने लहान असली तरी जातीने हीच आहे.

मेंदूचा दैनंदिन खर्च

प्रौढ मनुष्याच्या मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम असते. म्हणजे शरीराच्या वजनाच्या अवघे दोन टक्के. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यापैकी जवळजवळ वीस टक्के हा एकटा अवयव वापरतो. त्याचे नेहमीचे इंधन म्हणजे ग्लुकोज ही साधी शर्करा होय. दिवसाकाठी मेंदूला ती १०० ग्रॅमच्या आसपास लागते. म्हणजे तासाला चार ते पाच ग्रॅम.

आता रक्ताकडे पाहू. निरोगी मनुष्याच्या उपाशीपोटी रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. शरीरात रक्त पाच लिटरच्या सुमारास. तेव्हा एका वेळी रक्तात फिरणारे सर्व ग्लुकोज चार-पाच ग्रॅमच भरते. चहाच्या एका चमच्यात मावणाऱ्या साखरेएवढे! हा हिशेब ऐकून कोणासही वाटेल की, दर तासाला मेंदू रक्त रिकामे करीत असणार व दर तासाला काही खाल्ल्यावाचून गत्यंतर नसणार.

तसे होत नाही, आणि याचे श्रेय यकृताकडे जाते. जेवणानंतर यकृत जादा ग्लुकोज ग्लायकोजेन या रूपाने साठवून ठेवते. भरल्या पोटी हा साठा सुमारे ७० ते १०० ग्रॅम असतो. रक्तातील ग्लुकोज थोडे उतरू लागताच यकृत त्या साठ्यातून आवश्यक तेवढे सोडते. अधिक झाल्यास स्वादुपिंडातून आलेल्या इन्सुलिनमुळे ते पेशींत शिरते. रात्री आपण आठ तास झोपतो तेव्हा मेंदू काही उपाशी राहत नाही. साठा संपत आला म्हणजे यकृत प्रथिनांच्या घटकांपासून व इतर द्रव्यांपासून नवे ग्लुकोज तयार करते. उपवास आणखी लांबला तर स्निग्ध पदार्थांपासून निघणारी कीटोनद्रव्येही मेंदूस चालतात. एवढी चोख व्यवस्था असलेल्या शरीराला दोन जेवणांमधल्या दोन-तीन तासांत फुटाण्यांच्या पुरवणी रसदेची निकड नसते, हे उघड आहे. मधुमेह असलेल्या व त्यासाठी औषध घेणाऱ्या मनुष्याची गोष्ट मात्र निराळी. त्याने खाण्याच्या वेळा आपल्या वैद्याच्या सल्ल्यानेच ठरवाव्यात.

अर्धा शेंगदाणा

यावर कोणी म्हणेल, विश्रांतीच्या वेळचा हिशेब कठीण विचार करताना कसा लागू पडेल? दगड फोडणारा मजूर जसा बसलेल्या माणसाहून अधिक खातो, तसा निबंध लिहिणारा मेंदूही अधिक खात असणार.

हा प्रश्न अमेरिकेतील बॉस्टन येथे कार्नेगी संस्थेच्या पोषण-प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजून पाहण्यात आला. प्रयोगशाळेचे संचालक फ्रान्सिस बेनेडिक्ट व त्यांच्या सहकारी पत्नी कॉर्नेलिया बेनेडिक्ट यांनी माणसांना शांत बसवून त्यांच्या श्वासोच्छ्वासातील वायूंचे मापन केले. नंतर त्यांनाच तोंडी गुणाकाराची अवघड उदाहरणे सोडवावयास लावून पुन्हा मापन केले. शरीर किती प्राणवायू वापरते यावरून त्याचा उष्मांकांचा खर्च काढता येतो. १९३० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, तीव्र बौद्धिक श्रमाने शरीराचा एकूण खर्च जेमतेम चार टक्क्यांच्या घरात वाढतो. ही वाढ किती, हे सामान्य जनांस कळावे म्हणून त्यांनी एक उपमा दिली: तासभराच्या कठोर विचारास लागणारे जादा उष्मांक अर्ध्या खारवलेल्या शेंगदाण्यातून मिळतात.

वाचकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. स्वस्थ बसलेला मनुष्य तासाला सुमारे ६५ उष्मांक खर्च करतो. त्याचे चार टक्के म्हणजे २.६ उष्मांक. शेंगदाण्याच्या एका ग्रॅममध्ये ५.७ च्या आसपास उष्मांक असतात. शेंगदाण्याच्या व्यापारात एका औंसात, म्हणजे सुमारे २८ ग्रॅममध्ये, किती दाणे बसतात यावरून प्रत ठरते. ४० ते ५० दाणे बसले तर माल टपोरा. ८० ते ९० बसले तर बारीक. औंसाला ५० दाणे धरले तर एका दाण्यात तीनांहून किंचित अधिक उष्मांक निघतात. अमेरिकन दाणा मोठा म्हणून त्यांना अर्धा पुरला. आपल्याकडे एक अख्खा धरू. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस तीन दाणे!

पुढील काळातील सूक्ष्मतर मापनांनीही या चित्रात मोठा फरक केलेला नाही. मेंदूचा बहुतेक खर्च तो जागता व सज्ज राहण्यासाठीच होत असतो. विशिष्ट कामी लागलेल्या भागात रक्तप्रवाह वाढतो हे खरे. पण साऱ्या मेंदूच्या खर्चात त्याने पडणारी भर थोडी असते. चक्की रिकामी फिरत असली तरी वीज खातेच. दाणे टाकल्याने देयक फारसे वाढत नाही, असे काहीसे हे आहे.

मग भूक का लागते?

लिहिताना काहीतरी खावेसे वाटते, हा अनुभव मात्र खोटा नाही. तो तपासण्याचा एक चांगला प्रयत्न कॅनडातील क्वेबेक येथील लाव्हाल विद्यापीठात झाला व २००८ साली प्रसिद्ध झाला. चौदा विद्यार्थिनींना निरनिराळ्या दिवशी तीन कामे देण्यात आली. एका दिवशी पाऊण तास नुसते आरामात बसणे. दुसऱ्या दिवशी एक मजकूर वाचून त्याचा सारांश लिहिणे. तिसऱ्या दिवशी संगणकावर स्मरण व अवधान यांच्या चाचण्या सोडवणे. त्यानंतर त्यांच्यापुढे अन्न मांडून हवे तेवढे घेण्यास सांगितले. बौद्धिक कामाने झालेला जादा खर्च केवळ तीन उष्मांकांचा होता. परंतु सारांश लिहिल्यानंतर त्या मुलींनी विश्रांतीच्या दिवसाच्या तुलनेने सुमारे २०० उष्मांक अधिक खाल्ले व संगणकावरील चाचण्यांनंतर सुमारे २५०. खर्च तीन दाण्यांचाही नव्हता, आणि वसुली एका सामोशाच्या जवळपास!

संशोधकांना असेही आढळले की, बौद्धिक कामाच्या दिवशी रक्तातील ग्लुकोज व इन्सुलिन यांची पातळी अधिक हेलकावे खात होती. मनावरील ताणामुळे हे झाले असावे, असा एक तर्क आहे. चौदाच व्यक्तींवरील प्रयोग असल्याने त्याच्या आकड्यांवर फार भार टाकू नये. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. डोके चालवल्यावर लागणारी भूक ही पोटातील तुटीची अचूक खबर असते, असे गृहीत धरता येत नाही. जुन्या राजेंद्रनगरात रात्री अकरा वाजता परोठ्याच्या गाडीपुढे उभा असलेला विद्यार्थी खरोखर भुकेला आहे की दिवसभराच्या ताणाने थकला आहे, हे त्याला स्वतःलाही सांगता येईल असे नाही.

साखरेची कीर्ती

लिहिण्यापूर्वी गोड खाल्ले की तरतरी येते, ही समजूत जगभर आढळते. परीक्षेस निघालेल्या मुलाच्या हातावर आपल्याकडे दही-साखर ठेवतात. तो शुभशकुन आहे व शकुन म्हणून त्याबद्दल काही म्हणावयाचे नाही. परंतु तरतरीचा प्रश्न तपासता येतो. २०१९ साली जर्मनी व इंग्लंडमधील संशोधकांनी ३१ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ खाल्ल्याने चित्तवृत्ती सुधारते, असे त्यांना आढळले नाही. उलट पहिल्या तासाभरात सावधपणा किंचित कमी व थकवा किंचित अधिक झालेला आढळला.

याउलट एक चमत्कारिक निरीक्षण आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे २००४ साली सायकलपटूंवर प्रयोग झाला. सुमारे तासभराच्या कठीण फेरीत त्यांना पिष्टशर्करेच्या द्रावणाने केवळ चूळ भरावयास दिली. एक थेंबही गिळू दिला नाही. तरी त्यांचा वेग साध्या पाण्याने चूळ भरण्याच्या वेळेपेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी वाढला. पोटात काहीच गेले नव्हते, तेव्हा हा परिणाम इंधनाचा असणे शक्य नाही. अन्न येत आहे अशी वर्दी तोंडातून मेंदूला मिळाली आणि तेवढ्यानेच तो सैल झाला, असे मानावे लागते. सायकल चालवणे व निबंध लिहिणे एक नव्हे, हे खरे. पण तोंडातील चवीचा हुरूपाशी संबंध पोटातील साखरेहून निराळा असू शकतो, एवढे यातून दिसते.

चर्वणाविषयीही अशीच गोष्ट आहे. २००२ साली इंग्लंडमधील संशोधकांनी रबरी गोळी चघळणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारल्याचे नोंदवले आणि वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. पुढील प्रयोगांत स्मरणाविषयीचा हा निष्कर्ष दर वेळी आढळला नाही. चघळल्याने जागेपणा थोडा वाढतो, याला मात्र अधिक आधार मिळतो. डुलकी येऊ लागलेल्या विद्यार्थ्यास फुटाणे चावण्याने जे बरे वाटते, त्यात जबड्याच्या हालचालीचा वाटा असावा.

उजवा हात

येथे एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण ती परदेशी ग्रंथांत सापडणार नाही. आपल्याकडे बहुतेक लोक ज्या हाताने लिहितात त्याच हाताने खातात. डबा उघडला की लेखणी खाली ठेवावी लागते. पदार्थ तेलकट असेल तर बोटे पुसावी लागतात, नाही तर उत्तरपत्रिकेवर डाग पडतो. म्हणजे आपल्या पद्धतीत खाणे हे लेखनाच्या सोबत होतच नाही. ते लेखनाच्या मध्ये होते. प्रत्येक घास हा एक विराम असतो.

आणि विरामाला स्वतःची शक्ती आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर तासन्‌तास पाहत बसणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून खुणा निसटू लागल्या, तेव्हा केंब्रिज येथे नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ तयार केले. त्याचा काटा दर सेकंदास एक टप्पा पुढे सरके व क्वचित एकदम दोन टप्पे उडी घेई. ती उडी दिसताच कळ दाबावयाची. दोन तासांच्या पहाऱ्यात पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुकलेल्या उड्यांची संख्या स्पष्टपणे वाढली. परंतु अर्धा तास काम व अर्धा तास विश्रांती अशी पाळी ठेवली, तर ही घसरण दिसली नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेले हे संशोधन अवधानाच्या अभ्यासात पायाभूत मानले जाते. लेखन हे टेहळणीसारखे एकसुरी काम नाही, म्हणून अर्ध्या तासाचा तो आकडा जसाच्या तसा घेऊ नये. तरी एकाच गोष्टीवर रोखलेले लक्ष काही वेळाने ढिले पडते व थोड्या खंडाने ते पुन्हा बसते, हा अनुभव लिहिणाऱ्यासही येतो.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, डब्याच्या कीर्तीतील मोठा वाटा या विरामाचा आहे. विद्यार्थी चाळीस मिनिटे लिहितो, अडतो, लेखणी ठेवतो, चार दाणे तोंडात टाकतो, खिडकीबाहेर पाहतो. आणि अडलेले वाक्य पुढे सरकते. श्रेय फुटाण्यांना मिळते. त्याच वेळी तो उठून गॅलरीत जाऊन आला असता तरी बहुधा असेच घडले असते.

याची दुसरी बाजू अधिक चिंतेची आहे. वाक्य अडण्याचा क्षण हा लेखनातील सर्वांत कष्टाचा क्षण असतो. त्या क्षणी डब्याकडे हात गेला की त्रास तात्काळ थांबतो. असे वारंवार झाले म्हणजे अडणे व खाणे यांची सांगड बसते. पुढे पुढे थोडेसे अडले तरी हात आपोआप वळतो. सवय कशी जडते, हे प्राण्यांवरील असंख्य प्रयोगांनी दाखवले आहे आणि मनुष्य त्यास अपवाद नाही. मग तीन मिनिटांचा विराम लेखनाला साहाय्य करीत नाही. तो लेखनापासून पळवाट बनतो. शिवाय लक्ष पुस्तकात असताना खाल्लेले अन्न नीट ध्यानात राहत नाही. २०१३ साली २४ अभ्यासांचा एकत्र विचार करणाऱ्या इंग्लंडमधील संशोधकांना आढळले की, लक्ष दुसरीकडे असताना माणूस त्या वेळी अधिक खातो, आणि पुढील जेवणात तर त्याहूनही अधिक. डबा संपल्याचे डब्याच्या तळाला बोटे लागल्यावरच कळते, हे अनेकांनी अनुभवले असेल.

दिल्लीच्या बाजारात काय घ्यावे

मधल्या वेळी खाऊच नये, असे यावरून कोणी समजू नये. सकाळी न्याहारी न घेता शिकवणीस गेलेला, दुपारी खाणावळीचा डबा उशिरा आलेला विद्यार्थी जेव्हा सायंकाळी सहा वाजता लिहावयास बसतो, तेव्हा त्याची भूक खरी असते व त्या भुकेने लक्ष उडते हेही खरे असते. प्रश्न काय व किती, एवढाच राहतो.

फुटाण्यांचा पक्ष येथे बळकट आहे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे ११० उष्मांक व सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. हरभऱ्यातील पिष्ट सावकाश पचते, त्यामुळे रक्तातील ग्लुकोज झपाट्याने चढत व उतरत नाही. हात तेलकट होत नाहीत, डबा उघडा राहिला तरी ते लवकर नासत नाहीत, आणि दिल्लीच्या प्रत्येक गल्लीत ते मिळतात. तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यांत प्रथिने थोडी अधिक, पण स्निग्धांश बराच असल्याने उष्मांक १७० च्या घरात जातात. म्हणून मूठ लहान ठेवावी. हिवाळ्यात गाड्यांवर येणारे भाजके रताळेही चांगले. रेवडी व गजक हे आपल्या तिळगुळाच्या व चिक्कीच्या कुळातील पदार्थ. तीळ पौष्टिक असले तरी गूळ-साखर बरीच असते, तेव्हा एक-दोन वड्यांवर थांबणे बरे. सामोसा, ब्रेडपकोडा व भटुरे यांनी पोट जड होते आणि दुपारच्या सुस्तीत भर पडते. दुपारी जेवणानंतर येणारी ही सुस्ती केवळ अन्नामुळे नसते, हेही सांगितले पाहिजे. शरीराच्या दैनंदिन लयीतच त्या सुमारास एक उतार असतो. पण भरपेट तेलकट जेवण तो उतार अधिक तीव्र करते. बाटलीबंद गोड पेयांच्या ३०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिवसाकाठी वरून घेतलेल्या साखरेचे प्रमाण शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावे असे सुचवले आहे. म्हणजे एका बाटलीतच दिवसाचा हिशेब संपतो.

पुष्कळदा भूक वाटते ती तहान असते, असे म्हणतात. ते सर्वांना लागू पडेल असे नाही. परंतु मे-जून महिन्यांत दिल्लीचे तापमान ४५ अंशांपर्यंत चढते, तेव्हा कूलरच्या वाऱ्यात बसलेला विद्यार्थी दिवसभर नकळत पाणी गमावीत असतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या सुमारास पाणी कमी झाले, तर लक्ष लावण्याच्या कामांत चुका वाढतात असे पुष्कळ अभ्यासांत आढळले आहे. टेबलावर डब्याआधी पाण्याचे भांडे असावे.

चहा अन्नाच्या सदरात येत नाही. त्यातील कॅफीन हे द्रव्य शक्ती देत नाही. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते व त्यामुळे झोपेची इच्छा होते; कॅफीन त्या द्रव्याच्या जागा अडवून बसते, म्हणून थकवा जाणवत नाही. थकवा गेलेला नसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शिकेनुसार एका चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते व दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी. अन्नातील लोहाच्या शोषणास चहा अडथळा करतो, म्हणून जेवणापूर्वी व नंतर तासभर तो टाळावा असेही तीत म्हटले आहे. शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात. रात्री नऊ वाजता घेतलेल्या चहाचा अर्धा भाग पहाटे दोन वाजताही कामावर असतो. आणि झोपेने होणारे स्मरणाचे दृढीकरण कोणत्याही खाद्यपदार्थाने होत नाही.

सुपारी, मावा किंवा गुटखा तोंडात ठेवून अभ्यास करणारेही आढळतात. सुपारीतील द्रव्यांनी क्षणिक तरतरी येते हे खरे. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना असलेली सुपारीदेखील मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणारी ठरवली आहे. येथे प्रमाणाचा प्रश्न उरत नाही.

ग्रंथालयांच्या वाचनकक्षांत खाद्यपदार्थ नेण्यास बहुधा मनाई असते, आणि विद्यार्थ्यांना तो जाच वाटतो. कारण मात्र सबळ आहे. सांडलेल्या कणांमागे मुंग्या, झुरळे व उंदीर येतात, आणि त्यांना कागद, कापड व बांधणीतली खळ हीही खाद्येच असतात. विरामाच्या दृष्टीनेही ही मनाई सोयीची आहे: खाण्यासाठी उठून बाहेर जावे लागते.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

खाण्याचा परिणाम व विरामाचा परिणाम वेगळे काढण्यासाठी पुढील प्रयोग आठवीच्या पुढील कोणत्याही वर्गात करता येईल. अक्षरे खोडण्याची ही चाचणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मानसशास्त्रात वापरात आहे.

मराठी वृत्तपत्रातील लांबलचक मजकुराच्या प्रती काढाव्यात. विद्यार्थ्यांनी ओळीमागून ओळ वाचीत ‘त’ हे अक्षर दिसेल तेथे पेन्सिलीने खोडावयाचे. शिक्षकांनी दर पाच मिनिटांनी घंटा वाजवावी व त्या ठिकाणी विद्यार्थ्यांनी उभी रेघ मारावी. काम एकूण तीस मिनिटे चालावे. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून तीन गट करावेत. पंधरा मिनिटांनंतर पहिल्या गटाने तीन मिनिटे थांबून मूठभर फुटाणे खावेत. दुसऱ्याने तीन मिनिटे नुसते थांबावे. तिसऱ्याने न थांबता काम चालू ठेवावे. दुसरा गट सर्वांत महत्त्वाचा आहे. तो नसेल तर पहिल्या गटात जी सुधारणा दिसेल ती दाण्यांमुळे की थांबण्यामुळे, हे कधीच कळणार नाही. तीन दिवस प्रयोग करून प्रत्येक गटाला तिन्ही पाळ्या द्याव्यात, म्हणजे एखाद्या गटात मुळातच चपळ मुले असली तरी निष्कर्ष बिघडणार नाही. वेळ रोज तीच ठेवावी. जेवणानंतर दोन तास झालेले असावेत. काय आढळणे अपेक्षित आहे, हे विद्यार्थ्यांना आधी सांगू नये. शेंगदाण्यांची काहींना तीव्र बाधा होते, म्हणून प्रयोगात फुटाणेच घ्यावेत व तेही कोणाला वर्ज्य नाहीत ना, याची चौकशी आधी करावी.

प्रत्येक पाच मिनिटांच्या भागात किती ‘त’ खोडले व किती सुटले, हे दोन्ही मोजावे; घाईने पुष्कळ मजकूर वाचून निम्मी अक्षरे सोडणारा विद्यार्थी नुसत्या पहिल्या आकड्यावरून हुशार दिसेल. जोडाक्षरांतील ‘त’ धरावयाचा की नाही, हे आरंभीच ठरवून फळ्यावर लिहावे. तिन्ही दिवशी मजकूर निराळा असावा, पण एकाच वृत्तपत्रातील एकाच प्रकारचा. अग्रलेख व क्रीडावृत्त यांत ‘त’चे प्रमाण सारखे असेलच असे नाही, आणि ते आधी मोजून पाहणे हाही वर्गाला एक तासाचा उद्योग होईल.